भाऊ मोंडकरांच्या डोळ्यांची धास्ती

भाऊ मोंडकर घाबरट होते. हे मी त्यांच्या पाठीमागे सांगतेय असं समजू नका. मी मालवणच्या ऑफिसात रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. मी खुर्ची जरा जोरात ओढली, तशी ते टाइपरायटरवरून ताडकन उठले आणि म्हणाले, "हळू गो बाय! मी भित्रो माणूस. आदीच सांगून ठेवतंय, मगे हसा नको." मी हसले. बावीस वर्षांची होते, हसणारच.

आमचं ऑफिस बंदराला लागून. होड्यांच्या नोंदी, परवाने, मालकांची नावं, खलाशांची नावं, असलं काम. भाऊ तिथले टंकलेखक. वय पन्नाशीला टेकलेलं, अंग काटकुळं, नाकावर दोन भागांचा चष्मा. चप्पल घालायच्या आधी ती तीनदा झटकायचे, आत विंचू असेल म्हणून. पावसाळा संपून महिना झाला तरी छत्री बरोबर, वरून नारळ पडेल म्हणून. आता छत्रीने नारळ कसा अडणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "अडूचो नाय. पण देवाक दिसात तरी, ह्यो काळजी घेता म्हणून." आणि होडी हाकणाऱ्या तांडेलाचा मुलगा असून हा माणूस उभ्या जन्मात होडीत बसला नव्हता. समोर सिंधुदुर्ग किल्ला, रोज खिडकीतून दिसणारा, तोसुद्धा त्यांनी लांबूनच पाहिलेला.

लोक चेष्टा करायचे. भाऊ रागवायचे नाहीत. त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं, "भियान कोण मरणा नाय. मरतत ते न भिणारे."

पण सगळ्या भीतींच्या वर एक भीती होती, ती डोळ्यांची. त्यांच्या समोर कोणी ब्लेडने पेन्सिलीला टोक करायला लागलं की ते उठून बाहेर जायचे. ग्रहणाच्या दिवशी खिडक्या लावून घरात बसायचे. एकदा धक्क्यावर वेल्डिंग चाललं होतं, तर दोन दिवस त्यांनी ऑफिसला यायचा रस्ता बदलला. मी फार खोदून विचारल्यावर एकदा ते बोलले. त्यांचे वडील नावाजलेले तांडेल. पाण्याच्या रंगावरून मासा कुठे आहे ते सांगायचे. साठीच्या आत त्यांचे डोळे गेले. दुखलं नाही, खुपलं नाही. आधी दाराच्या चौकटीला खांदे आपटायला लागले. मग एक दिवस ओळखीच्या खडकावर होडी घातली. त्यानंतर नऊ वर्षं ओटीवर बसून होते. भाऊ तेव्हा तरुण. रोज सकाळी हात धरून त्यांना विहिरीवर न्यायचे. "बापूस माझ्या तोंडार हात फिरवून इचारी, तू विष्णू काय वामन?" विष्णू म्हणजे भाऊ, वामन त्यांचा धाकटा. त्या दिवसापासून मी त्यांची चेष्टा करणं सोडलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर आला. आख्ख्या बंदरात पहिला. तो बघायला कोण गर्दी लोटली होती! तारकर्लीपासून माणसं आली. मुंबईहून आलेल्या इंजिनिअरने तारा जोडल्या, चपला बाहेर काढून आत यायचं, धूळ नको, असा दम दिला. झालं! चपला बाहेर काढायच्या म्हटल्यावर आमच्या लोकांना दुसरं काय सुचणार? शिपाई गावडे घरी जाऊन चौरंग घेऊन आला. टेबलावर चौरंग, चौरंगावर लाल फडकं, फडक्यावर कॉम्प्युटर. तोंड पूर्वेला, कारण देवाचं तोंड पूर्वेला असतं. मग नारळ ठेवून गावड्याने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे नवी होडी असो, नवं घर असो, गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या जा काय मशीन तुझ्या पायाकडे इला हा, तेची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"खंयची वाकडी नजर लागली आसात, तर ती भायरच्या भायर ने!"

"व्हय म्हाराजा!"

गावड्याला एकदा रंग चढला की तो थांबत नाही. हात जोडून डोळे मिटून तो पुढे म्हणाला, "आणि ज्या जाग्यार तेका बसयला हा, थंयसून तेका हलवूची पाळी कधी कोणार आणू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेब घाटावरचे, पण तेही म्हणाले.

या शेवटच्या वाक्याने घोळ केला. तेव्हा कोणाला कळणार?

सगळ्यांत जलद टाइपिंग भाऊंचं, म्हणून त्यांना त्याच्यासमोर बसवलं. जुन्या रजिस्टरांतल्या हजारो होड्या आता त्यात भरायच्या होत्या. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. भाऊ पहिले आठ दिवस तर श्वाससुद्धा जपून घेत. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, दिवे गेले की लिहिलेलं सगळं पुसलं जातं. आणि मालवणात दिवे काय, सासरी नांदायला तयार नसलेल्या सुनेसारखे. कधी निघून जातील नेम नाही. म्हणून भाऊ पडद्यावरची नजर काढायचे नाहीत. डोळे टक्क उघडे. मी समोरच्या टेबलावरून बघायची, पापणी म्हणून लवायची नाही.

महिन्याभरात त्यांचे डोळे लाल दिसायला लागले. पाणी यायचं. रुमालाने टिपायचे आणि "वारो खारो आसा" म्हणायचे. दुपारनंतर कपाळ दाबून बसायचे, मान वाकडी करून चोळायचे. मी विचारलं की म्हणायचे, काही नाही. पण मला दिसत होतं. रोज सकाळी ते खिडकीशी उभं राहून पुटपुटत काहीतरी मोजायचे. एकदा मी मागे जाऊन ऐकलं. पलीकडच्या वाडीतले माड मोजत होते. सात माड. सातवा दिसला की सुस्कारा सोडून खुर्चीवर बसायचे.

घरगुती उपायांचा तर बाजार भरला. गुलाबपाणी झालं, निरशा दुधाच्या घड्या झाल्या, तळपायांना तूप चोळून झालं. भाऊंनी बायकोला सांगितलं, उष्णता झाली आहे. गावड्याचं म्हणणं, मशीन नजर ओढून घेतं. त्याने एक दिवस मिरच्या ओवाळून टाकल्या आणि तिथेच कोपऱ्यात निखाऱ्यावर घातल्या. शिरा पडली त्याच्या उताऱ्यावर! सगळं ऑफिस खोकत बाहेर, आणि भाऊंच्या डोळ्यांना जी धार लागली ती संध्याकाळपर्यंत थांबेना. मी गावड्याला अशी फाडली की तो चार दिवस मला चहा द्यायचा बंद झाला.

मग तो दिवस आला. दुपारचे तीन वाजले असतील. भाऊ उठून माझ्या टेबलाजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सुलू, ही भित खंयच्या रंगाची गो?"

"पांढरी. आणखी कसली?"

त्यांचं तोंड खडूसारखं झालं. टेबलाची कड धरून ते खाली बसले. "माका गुलाबी दिसता."

मला हसू आलं नाही.  नुकताच चुना काढलेली पांढरीफटक भिंत, आणि हा माणूस तिच्याकडे बघत म्हणतोय गुलाबी. मी त्यांच्यासमोर कोरा कागद धरला. "ह्यो?" त्यांनी मान हलवली. "ह्यो पण गुलाबी. बापाशीचा असाच सुरू झाला आसतला. तेना आमका सांगूक नाय. मी पण सांगूक नाय. दोन महिने लपवतंय मी, सुलू. माका भिया वाटता."  पन्नाशीचा बाप्या माणूस माझ्यासमोर लहान मुलासारखा बसला होता.

"फाल्या कुडाळाक जावया," मी म्हटलं. "डोळ्यांच्या डॉक्टराकडे. मी येतंय वांगडा."

 एस.टी.त प्रत्येक पूल आला की ते डोळे मिटत होते, पण ते नेहमीचंच. कुडाळचे डॉक्टर म्हातारे, जाडे, आवाज मोठा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीचं ऐकताच खो खो हसले. "अहो मोंडकर, तासन्‌तास हिरवं बघितल्यावर पांढरं गुलाबीच दिसणार! मलाही दिसेल, या बाईंनाही दिसेल. थोड्या वेळाने जातं की नाही?"

"जाता. घराक जाईसर जाता."

"मग त्याला भ्यायचं नाही."

मग त्यांनी उलटतपासणी सुरू केली. कॉम्प्युटर कुठे ठेवलाय? खिडकी कुठे? मी सांगितलं. पूर्वेला तोंड, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड पश्चिमेला, आणि कॉम्प्युटरच्या मागेच समुद्राकडची खिडकी. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे दुपारभर समुद्राची चकाकी थेट डोळ्यांत, आणि त्या चकाकीतून तुम्ही बारीक अक्षरं वाचताय? उंची किती?" मी चौरंगाचं सांगितलं. आता ते हसायचे थांबले. वर बघायचं म्हणजे डोळे जास्त उघडतात, म्हणाले, आणि पापणी लवत नाही म्हणजे डोळे कोरडे पडतात. कोरडे पडले की जळजळतात आणि पाणी येतं. त्यात या चष्म्याचा खालचा भाग पुस्तकासाठी. पडदा लांब आणि उंच, म्हणून मान मागे टाकून वाचावं लागतं; मान दुखणार नाही तर काय होणार?

त्यांनी एकेक सांगितलं ते मी कागदावर उतरवून घेतलं. खिडकी बाजूला येईल असं टेबल फिरवा. चौरंग काढा, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या थोडी खालीच राहू दे. हातभर अंतर. रजिस्टर मांडीवर नको, पडद्याशेजारी उभं करा, म्हणजे मान सारखी वरखाली होणार नाही. पाव तास, वीस मिनिटं झाली की लांबचं काहीतरी बघा. आणि पापण्या मिटा, हो, मुद्दाम मिटा. त्या अंतरासाठी वेगळा चष्मा लिहून दिला.

भाऊंच्या चेहऱ्यावर रंग आला. उठता उठता ते सहज म्हणाले, "बापाशीचे डोळे गेले, म्हणून जरा..."

"बसा," डॉक्टर म्हणाले.

त्यांचा आवाज बदललेला मला कळला, भाऊंनाही कळला. वडिलांचं काय झालं ते त्यांनी नीट विचारलं. दुखत होतं का? नाही. कडेचं दिसायचं बंद झालं का? चौकटीला आपटायचे? मग त्यांनी भाऊंना आडवं झोपवलं, डोळ्यांत थेंब घालून बधिर केलं आणि एक छोटं यंत्र उघड्या बुबुळावर ठेवलं. ज्या माणसाला पेन्सिलीचं टोक बघवत नव्हतं, त्याच्या उघड्या डोळ्यावर लोखंड! भाऊंनी माझं मनगट एवढं आवळलं की दोन बांगड्या फुटल्या. मी ओरडलेसुद्धा नाही, इतकी मीच घाबरले होते.

बराच वेळ तपासून डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू आहे. नुकताच सुरू झालेला."

भाऊ म्हणाले, "मशीनान?"

"नाही. मशीनने तुमचे डोळे दमवले, दुखवले, बास. हे वडिलांकडून आलंय. आत दाब वाढतो आणि नस मरत जाते. माणसाला पत्ता लागत नाही, कारण दुखत नाही. डाव्या डोळ्यात कडेला थोडं गेलंय, ते परत येणार नाही. पण राहिलेलं राखता येईल. थेंब रोज, जन्मभर, एक दिवस चुकायचं नाही."

"मी चुकूचंय नाय," भाऊ म्हणाले. भित्र्या माणसाचा एक फायदा असतो, त्याला दोनदा सांगावं लागत नाही.

ऑफिसात येऊन मी साहेबांना कागद दाखवला. साहेब म्हणाले, हलवा. गावडे आडवा आला. "देवाक सांगितलंला आसा, हलवूचा नाय! सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलास. तुमीपण म्हटलास, सायबांनू!" साहेबांची पंचाईत झाली. शेवटी भाऊच म्हणाले, "गावड्या, तूच बांदलंस, तूच सोड." गावड्याने मग नवा नारळ आणला. "बा देवा म्हाराजा, लेकरां चुकली, माफी कर, मशीन फिरवतंव तां डोळ्यांसाठी फिरवतंव!" आम्ही इतक्या जोरात "व्हय म्हाराजा" म्हटलं की धक्क्यावरची माणसं बघायला आली. टेबल फिरलं, चौरंग गावड्याच्या घरी गेला. पंधरा दिवसांत भाऊंची जळजळ थांबली. दर वीस मिनिटांनी ते काम सोडून खिडकीशी जायचे, किल्ल्याकडे बघत पापण्या मिटायचे. साहेब एकदा काही बोलायला गेले, तर मीच त्यांना डॉक्टरांचा कागद पुन्हा नेऊन दाखवला.

पण भाऊंची धास्ती गेली नाही. उलट तिला पाय फुटले. डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला सांगितलं होतं, हे घराण्यात असतं, भावंडांना आणि मुलांना तपासून घ्या. साधं काय बघायचं तेही शिकवलं होतं. माणसाला एक डोळा हाताने झाकायला लावा, दुसऱ्याने आपल्या नाकाकडे बघू दे, आणि आपण कडेला बोटं धरून विचारा, किती. एवढ्याने रोग नाही असं ठरत नाही, पण न दिसलं तर त्या दिवशीच्या त्या दिवशी माझ्याकडे आणा, म्हणाले.

झालं, भाऊ हात धुऊन मागे लागले. दोन मुलगे, मसुऱ्याला दिलेली बहीण, तिची पोरं, सगळ्यांना त्यांनी बोटं दाखवली आणि वर कुडाळलाही नेऊन आणलं. कधी नव्हे ते पूल येताना डोळे उघडे ठेवून, माणसं मोजत. सगळे ठीक निघाले. राहिला तो धाकटा भाऊ वामन. वामन वडिलांच्या जागी तांडेल झाला होता. सात खलाशी घेऊन रोज किल्ल्याच्या बाजूच्या खडकांमधून होडी काढायचा. छाती एवढी, आवाज तेवढा, आणि भिणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याने निरोपाला निरोप पाठवला, "दादाक सांगा, माका बारा वाव खोल दिसता. तुझे थेंब तूच घाल."

भाऊ तीनदा त्याच्या घरी गेले, तीनदा वामन होडीवर होता. चौथ्यांदा दारातूनच हसून निघून गेला. भाऊंची झोप उडाली. मला म्हणायचे, "खडकांतसून जाता गो तो. सात घरांचे झील आसत तेच्या होडयेत."

माझी तेव्हा सावंतवाडीला बदली झाली होती. शेवटच्या आठवड्यात होड्यांचे नंबर तपासायला मला किनाऱ्यावर पाठवलं. भाऊ म्हणाले, "मी येतंय." मला कळलं का ते.

सकाळचे नऊ असतील. वामनची होडी वाळूवर होती, खलाशी जाळी चढवत होते. भाऊ थेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"वामन, एकदा बघूक दी."

"इलो डॉक्टर!" वामन हसला. खलाशीही हसले. "बघ रे बाबा. एकदा बघ आणि माझी पाठ सोड. काय करू?"

"उजवो डोळो झाक. माझ्या नाकार बघ. नजर हलवू नको."

वामनने भल्यामोठ्या पंज्याने उजवा डोळा झाकला आणि भाऊंच्या नाकाकडे बघायला लागला, अजून हसत. भाऊंनी हात लांब करून त्याच्या डाव्या बाजूला दोन बोटं धरली.

"किती?"

"कित्याचे किती?"

"बोटां, वामन."

"मेल्या, हात वर कर, मगे सांगतंय!"

खलाशी हसायला गेले आणि गप्प झाले. भाऊंचा हात वरच होता. आम्हा सगळ्यांना दिसत होता. भाऊंनी बोटं हलवली. वामन नाकाकडे बघत वाट पाहत होता. भाऊंनी हात थोडा आत आणला. मग आणखी थोडा. जाळं धरलेल्या एका पोरग्याने ते हळूच वाळूवर ठेवलं.  भाऊंचा हात येत येत त्यांच्या स्वतःच्या खांद्याच्याही आत, गालापाशी आला.

"हां, आता केलंस," वामन म्हणाला. "दोन."

 वामनने डोळ्यावरचा पंजा काढला आणि आधी भाऊंच्या गालापाशी असलेल्या हाताकडे, मग खलाशांच्या तोंडांकडे बघितलं. त्याला काय समजायचं ते समजलं. मी भीती त्याच्या चेहऱ्यावर चढताना बघितली. त्या चेहऱ्याला तिची सवय नव्हती, आणि ते बघवेना.

"दादा," तो म्हणाला, "हात पयल्यापासून वरच होतो?"

भाऊंनी हात खाली घेतला. खलाशांना म्हणाले, "होडी आज पाण्यात घालू नकात." मग भावाच्या खांद्यावरची वाळू झटकली. "चल. नवाची गाडी चुकली, धाची मिळात."

वामन तांडेल निघाला. मी वाळूत उभी राहून दोघांना एस.टी. स्टँडच्या वाटेला लागताना बघत होते. भाऊंनी त्याचा हात घट्ट धरला होता आणि ते त्याच्या डाव्या बाजूने चालत होते, जिथून वामनला ते दिसत नव्हते.